सोमवारावर ढकललेली तिथी

मे महिन्याचा अखेरचा सोमवार अमेरिकेत ‘मेमोरियल डे’ म्हणून, म्हणजे रणांगणी देह ठेवलेल्या सैनिकांचा स्मरणदिन म्हणून, पाळला जातो. त्याच्या आदल्या गुरुवारी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत पायदळाच्या तिसऱ्या रेजिमेंटचे जवान दोन लाखांहून अधिक स्मृतिशिळांपुढे एकेक चिमुकला ध्वज रोवतात. पुढचे तीन दिवस गावोगावची रेडिओ केंद्रे साठ-सत्तरच्या दशकांतील रॉक गीतांची लांबलचक उतरती यादी वाजवीत राहतात. आणि मनुष्यास चंद्रावर उतरविण्याचा संकल्प अध्यक्ष केनेडी यांनी २५ मे १९६१ रोजी काँग्रेसपुढे सोडला असल्यामुळे, त्याच सुमारास चांद्रयुगाच्या आठवणींनाही भरते येते. थडगी, गिटार आणि अग्निबाण यांची ही मोट पाहून गंभीर प्रकृतीची माणसे नाके मुरडतात, व मृतांच्या दिवसाचा हा उरूस झाला असा निर्वाळा देतात.

मला हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. ही तीन भावंडे एकाच घरची आहेत, हे आक्षेपक विसरतात. २० जुलै १९६९ रोजी ज्या आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवले, त्याने कोरियाच्या युद्धात नौदलाचा वैमानिक म्हणून ७८ मोहिमा केल्या होत्या; त्याचा सोबती ऑल्ड्रिन हाही त्याच युद्धात हवाई दलाकडून लढलेला; आणि अंतराळवीर ग्लेन यांना १९६२ साली पृथ्वीभोवती फिरविणारा ॲटलास अग्निबाण मुळात अण्वस्त्रे वाहून नेण्यासाठी घडविलेला. चांद्रविजयास महिना लोटण्यापूर्वीच, ऑगस्टात वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवातील चिखलात, जिमी हेंड्रिक्स या कृष्णवर्णी वादकाने आपल्या गिटारीवर राष्ट्रगीत असे काही वाजविले, की त्यातून बाँबगोळ्यांचे स्फोट आणि आक्रोश ऐकू यावेत. आणि तो स्वतः काही वर्षांपूर्वी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये शिपाई होता. त्याच एका वर्षात व्हिएतनाममध्ये अकरा हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. ज्या पिढीने हे तिन्ही अनुभव एका दमात घेतले, तिने ते एकत्र आठवू नयेत असा हुकूम कोणी सोडावा?

या सुटीशी अंतराळाचे नाते किती जवळचे आहे हे पाहावयाचे, तर १९७३ सालचा मे महिना आठवावा. स्कायलॅब या अमेरिकन अंतराळस्थानकाचे नाव काढले की आपल्याकडच्या जुन्या मंडळींना १९७९ च्या जुलैतील तो विलक्षण धसकाच आठवतो. ती आपल्याच डोक्यावर कोसळणार, या वार्तेने भल्याभल्यांची झोप उडाली होती, आणि प्रत्यक्षात तिचे अवशेष हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. परंतु तिचा जन्मही तितकाच नाट्यमय होता. १४ मे रोजी उड्डाण होताच तिचे संरक्षक कवच फाटून गेले, सूर्यशक्तीचा एक पंख तुटला, दुसरा अडकून बसला, आणि आतील उष्णतामान पन्नास अंश सेल्सियसच्या पलीकडे चढले. तेव्हा कॉनराड, कर्विन व वाइट्झ हे नौदलाचे तिघेही अधिकारी २५ तारखेस, स्मरणदिनाच्या सुटीला लागूनच्या शुक्रवारी, वर गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका लहानशा झरोक्यातून मिटलेली छत्री बाहेर सारून उघडली. तिच्या सावलीत ती भट्टी राहण्याजोगी झाली. ते कॉनराड आज आर्लिंग्टनमध्येच चिरनिद्रा घेत आहेत. अपोलोच्या पहिल्याच यानात १९६७ साली जळून गेलेल्या तिघांपैकी ग्रिसम आणि चॅफी हेही तेथेच. आणि कोलंबिया यानाच्या दुर्घटनेतील सात जणांचे जे स्मारक त्या भूमीत उभे आहे, त्यावर कर्नालच्या कल्पना चावला यांचे नाव कोरलेले आहे.

गाण्यांच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. रॉक गायक जॉन फोगर्टी याचे ‘फॉर्च्युनेट सन’ हे १९६९ चे गीत म्हणजे धनिकांची पोरे सक्तीच्या भरतीतून निसटतात आणि गरिबांची रणात जातात, या अन्यायावर ओढलेला आसूड. ते रचणारा स्वतः लष्कराच्या राखीव दलात काही काळ काढून आलेला. हेच गीत आज अंगणातील शेगडीवर मांस भाजताना, ध्वजांच्या झालरीखाली, केवळ ठेका चांगला म्हणून लावले जाते. ज्यांनी ते संतापाने रचले व ज्यांनी बराकीत कान देऊन ऐकले, त्यांच्या वाट्यास आपल्याच क्रोधाची अशी करमणूक यावी, ही उपेक्षाच म्हणावयाची.

परंतु ही ढिलाई आली कोठून? ते कळण्यासाठी या दिवसाच्या आरंभाकडे जावे लागेल. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथे १ मे १८६५ रोजी, नुकत्याच दास्यमुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी, यादवी युद्धात बंदिवासात मेलेल्या उत्तरेच्या २५७ संघ-सैनिकांना सन्मानाने पुन्हा भूमी दिल्यावर त्या जागी हजारोंच्या मिरवणुकीने फुले वाहिली. पुढे १८६८ साली जनरल लोगन यांच्या फर्मानाने ३० मे ही तारीख मुकर्रर झाली, आणि शंभर वर्षे ती बेलाशक पाळली गेली. १९६८ साली काँग्रेसने कायदा करून, लोकांस सलग तीन दिवसांची सुटी मिळावी एवढ्याच हेतूने, १९७१ पासून हा दिवस सोमवारावर ढकलला. आपल्याकडे पितरांची तिथी अडचणीची असली तरी कोणी ती सोयीच्या रविवारी सरकवीत नाही. तारीख हाती राहिली, तर माणूस निदान त्या दिवशी तरी थबकतो. सोमवारी तो थबकेना, आणि त्या पोकळीत गाद्या, मोटारी व शीतकपाटे यांची सवलतीची विक्री शिरली. अखेर २००० साली, दुपारी तीन वाजता मिनिटभर स्तब्ध राहावे, एवढे सांगण्यासाठीही सरकारास कायदा करावा लागला.

इटलीतील युद्धात उजवा हात गमावलेले हवाईचे सिनेटर डॅनिएल इनोये यांनी हा दिवस परत ३० मे या तारखेवर न्यावा असे विधेयक वारंवार मांडले. २०१२ मध्ये ते निवर्तले तोवर विधेयक मंजूर झाले नव्हते. वस्तुतः याच १९६८ च्या कायद्याने ऑक्टोबरातील सोमवारावर नेलेला माजी सैनिकांचा दिवस लोकांच्या आग्रहामुळे १९७८ पासून मूळच्या ११ नोव्हेंबरला परत आला, आणि त्यामुळे कोणाचा व्यापार बुडाल्याचे ऐकिवात नाही. गाणी वाजोत, अग्निबाणांच्या कथा निघोत. काँग्रेसने इनोये यांचे विधेयक दप्तरातून काढून मंजूर करावे.