वही सावकाराच्या घरी

चोरी झाली की जागेचा पंचनामा करावा, ही तपासाची प्राथमिक रीत. फुटलेले कुलूप, मातीतले ठसे, शेजाऱ्याची साक्ष यांतून गुन्ह्याचा माग लागतो. परंतु चोरी झालेले घरच भाड्याचे असेल, त्याच्या भिंती तासाभरात आपोआप नाहीशा होत असतील आणि आत कोण आले-गेले याची वही एकट्या घरमालकाच्या कपाटात असेल, तर पंचनामा कशाचा करायचा? 'क्लाउड'वर चालणाऱ्या संगणकीय सेवांवरील हल्ल्यांचा तपास आज नेमका येथे अडतो. हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न आहे असे समजून समाजवादी चळवळीने त्याकडे पाठ फिरवणे चुकीचे ठरेल.

'क्लाउड' हा शब्द मुळातच फसवा आहे. आकाशात काहीही नसते. पुण्यात २०१५ पासून मायक्रोसॉफ्टची आणि मुंबईत २०१६ पासून ॲमेझॉनची माहितीकेंद्रे उभी आहेत. जमीन, वीज आणि पाणी त्यांना याच भूमीतून मिळते. बँका, रुग्णालये आणि सरकारी खाती अशा केंद्रांतील यंत्रे भाड्याने घेतात. एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांचे कारभार चालत असल्यामुळे पूर्वीप्रमाणे संगणक जप्त करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवणे शक्य राहत नाही. काम वाढले की आभासी यंत्रे निर्माण होतात, काम ओसरले की ती स्मृतीसकट विरून जातात. मागे उरतो तो एकच पुरावा : 'लॉग', म्हणजेच नोंदवही. ती कोणी ठेवायची, किती दिवस ठेवायची आणि कोणत्या किमतीला दाखवायची, हा प्रश्न आता तंत्राचा उरत नाही, तो सत्तेचा होतो.

अमेरिकेत २०२३ साली जे घडले त्यावरून हे पुरेसे स्पष्ट व्हावे. चीनशी संबंधित मानल्या जाणाऱ्या एका गटाने मायक्रोसॉफ्टची २०१६ सालची एक स्वाक्षरी-किल्ली हस्तगत केली. तिच्या बळावर त्याने २२ संस्थांतील पाचशेहून अधिक व्यक्तींच्या टपालपेट्या उघडल्या. त्यांत अमेरिकेच्या तत्कालीन वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो यांचीही पेटी होती. एकट्या परराष्ट्र खात्याची सुमारे ६० हजार पत्रे गेली. ही चोरी मायक्रोसॉफ्टच्या लक्षात आली नाही. जूनमध्ये ती पकडली परराष्ट्र खात्याने, आणि तीही त्या खात्याने अधिक दाम मोजून वरच्या दर्जाचा परवाना घेतला होता म्हणून. टपाल कोणी वाचले याची नोंद त्या काळी त्याच परवान्यात मिळत असे! ज्यांनी स्वस्त परवाना घेतला, त्यांच्या घरी चोर येऊन गेला तरी त्यांच्या वहीचे पान कोरेच राहिले. पुढे बोभाटा झाल्यावर कंपनीने या नोंदी जादा शुल्काविना देण्याचे मान्य केले. किल्ली नेमकी कशी चोरीला गेली याचे जे स्पष्टीकरण कंपनीने सप्टेंबरमध्ये दिले होते, तेही पुढील मार्चमध्ये तिला दुरुस्त करावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये सरकारी पुनर्विलोकन मंडळाने हा हल्ला टाळता येण्यासारखा होता, असा निर्वाळा दिला. जानेवारी २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने त्या मंडळाच्या सदस्यांनाच घरी पाठवले.

महाराष्ट्राला ही गोष्ट अपरिचित वाटू नये. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, कारण कर्ज शेतकऱ्याचे असले तरी लेखणी आणि वही सावकाराची होती. त्या उठावानंतर, १८७९ च्या कायद्याने, शेतकऱ्याला पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा अधिकार मिळाला. संगणकाच्या युगात हा साधा अधिकारही पुन्हा मागावा लागत आहे.

भारतातील स्थिती कशी आहे? एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेने १८० दिवसांच्या नोंदी जपण्याचा आणि हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याचा आदेश काढला. आदेश आवश्यक होता यात शंका नाही. परंतु त्याच यंत्रणेला नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती अधिकाराच्या कक्षेतून वगळण्यात आले! म्हणजे कंपनीने सरकारला सांगायचे, सरकारने ते पोटात ठेवायचे, आणि ज्याची माहिती चोरीला गेली त्या नागरिकाने अंधारात राहायचे. शिवाय त्याच आदेशाने व्हीपीएन वापरणाऱ्यांची नावे-पत्ते पाच वर्षे साठवण्याची सक्ती केली. यंत्राच्या कारभाराची नोंद ठेवणे वेगळे आणि नागरिकाच्या हालचालींची नोंद ठेवणे वेगळे. आणीबाणी पाहिलेल्या चळवळीने तरी या दोहोंत गल्लत होऊ देता कामा नये. सावकाराच्या कपाटातली वही फौजदाराच्या कपाटात गेली म्हणून ती जनतेची होत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये तपास पोलीस निरीक्षकाने करायचा असतो. पुरावा परदेशातील कंपनीपाशी असेल, तर अमेरिकेशी २००५ पासून अमलात असलेल्या साहाय्य करारान्वये अर्ज मंत्रालयांतून फिरत जातो. तोवर नोंदीच पुसल्या जाण्याचा धोका असतो. ॲमेझॉनच्या सेवेत ग्राहकाने वेगळी व्यवस्था केली नसेल, तर कारभाराच्या नोंदींचा इतिहास ९० दिवसांपुरताच पाहता येतो. अशा वेळी चौकशीचा पहिला बळी ठरतो तो बहुधा कार्यालयातील कनिष्ठ कर्मचारी. ज्याच्या हाती ना किल्ली होती ना वही, त्याच्यावर 'पासवर्ड सांभाळला नाही' असा ठपका येतो.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. महापालिका, जिल्हा बँका आणि सहकारी संस्था या सेवा निविदा काढून घेतात. संपूर्ण नोंदी विनामूल्य मिळाव्यात, त्यांची प्रत संस्थेच्या स्वतःच्या ताब्यात किमान वर्षभर राहावी, हल्ल्यानंतर यंत्रांची स्थिती गोठवून तपासाधिकाऱ्याला द्यावी आणि चौकशीचा अहवाल सभासदांपुढे ठेवावा, या अटी निविदेत घालता येतात. पक्षाचे जे नगरसेवक आणि संचालक अशा समित्यांवर आहेत, त्यांनी आपल्या संस्थेचा चालू करार मागवून त्यात यांपैकी काय लिहिले आहे हे येत्या बैठकीपूर्वी वाचून घ्यावे.