हरल्यावरही ‘आपण’

व्यापाराचा साधा नियम असा की, गिऱ्हाईक माल पाहून येते आणि माल सातत्याने हलका निघू लागला की दुसऱ्या दुकानाची पायरी चढते. त्यात कृतघ्नता नसते. तो व्यवहार असतो. परंतु अमेरिकेच्या मध्यभागी, नेब्रास्का राज्यातील लिंकन या शहरात हा नियम गेली साठहून अधिक वर्षे लागू पडलेला नाही. तेथील राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर ३ नोव्हेंबर १९६२ पासून घरच्या प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली आहेत. महासाथीमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता तो २०२० चा हंगाम काय तो अपवाद. या अखंड मालिकेने चारशे सामन्यांचा टप्पा ओलांडला आहे. आश्चर्य याचे की, २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात हंगाम हा संघ जिंकला त्याहून अधिक वेळा हरला. माल सात वर्षे हलकाच निघाला. गिऱ्हाईक मात्र लाल सदरा घालून, सहकुटुंब, त्याच बाकावर येऊन बसले.

हिशेबाच्या दृष्टीने एक नोंद येथे करावयास हवी. या पडत्या काळात तिकिटे शिल्लक राहण्याची वेळ आली, तेव्हा देणगीदारांनी ती विकत घेऊन गरजू मुलांना दिली. म्हणजे मालिका टिकली ती केवळ आपोआप नव्हे. ती टिकावी अशी अनेकांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी खिशात हात घातला. तोट्यातील दुकान चालू राहावे म्हणून गिऱ्हाइकांनीच वर्गणी काढावी, असा हा प्रकार. तो का घडतो, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. आज महाराष्ट्रातील व्यापारी घरांतील कितीतरी मुले अमेरिकेत शिकावयास जातात आणि दोन-चार महिन्यांतच शनिवारी विद्यापीठाच्या रंगाचा सदरा घालून छायाचित्रे पाठवू लागतात. घरच्यांना त्याचे कौतुक वाटते, पण त्यामागचे कारण उमगत नाही.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो लंबगोल चेंडूचा, मुख्यतः हातांनी खेळला जाणारा, शिरस्त्राण घालून झुंजण्याचा खेळ आहे. विद्यापीठांतील पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. प्रत्येक बाजूस पंचवीस खेळाडू होते आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. व्यावसायिक संघ पुष्कळ पुढे आले. आजही विद्यापीठांचे सामने प्रामुख्याने शनिवारी होतात. मिशिगन विद्यापीठाच्या १९२७ साली उघडलेल्या मैदानात तर एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात.

आता मुख्य कोडे पाहू. नियमानुसार विद्यार्थी-खेळाडूला साधारणतः पाच वर्षांच्या अवधीत चार हंगाम खेळता येत असे. म्हणजे चार-पाच वर्षांत संपूर्ण संघ नवा होतो. प्रशिक्षकही बदलतात. मग पन्नास वर्षे एकाच संघामागे उभा राहणारा मनुष्य नेमका कोणाशी निष्ठा राखतो? खेळाडू तेच नाहीत, डावपेच तेच नाहीत, यशही तेच नाही. उरते ते नाव, रंग, गाणे आणि गाव. जुन्या पेढीचेही असेच असते. मुनीम बदलतात, माल बदलतो, मालकाची पिढी बदलते. पाटी तीच राहते आणि लोक पाटीवर विश्वास ठेवतात. तथापि पाटी ही केवळ खूण आहे. त्या खुणेत लोकांनी स्वतःचे काय ठेवलेले असते, हे पाहिल्याशिवाय कोडे सुटत नाही.

पहिली ठेव गावाची. नेब्रास्का १८६७ साली राज्य झाले आणि १८६९ साली तेथील विद्यापीठ स्थापन झाले. संघराज्याने १८६२ च्या कायद्यान्वये राज्यांना जमिनी देऊन शेती व यंत्रविद्या शिकविणाऱ्या संस्था उभारण्यास चालना दिली होती. शेतकऱ्यांच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले ते अशा संस्थांनी. विखुरलेल्या शेतवस्त्यांच्या त्या राज्यात सर्वांना ‘आपली’ म्हणता येईल अशा संस्था थोड्याच होत्या. देशातील प्रमुख व्यावसायिक साखळ्यांपैकी एकाचाही संघ तेथे आजही नाही. साहजिकच ज्याने विद्यापीठाची पायरीही चढलेली नाही असा शेतकरीसुद्धा त्या संघाला आपला मानतो. १९२३ साली उभारलेले ते मैदानही राज्यातील सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेले आहे. संघ हा अशा राज्याचे जगासमोर घेतले जाणारे नाव ठरतो.

दुसरी ठेव मानहानीची. इंडियाना राज्यातील नोत्र दाम हे कॅथलिक विद्यापीठ १८४२ साली स्थापन झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी आयर्लंड, इटली, पोलंड येथून आलेल्या कॅथलिक कामकऱ्यांना अमेरिकेत परके आणि हलके लेखले जाई. १९२४ साली तर कू क्लक्स क्लॅन या द्वेष्ट्या संघटनेचे लोक विद्यापीठाच्या गावात जमले असता विद्यार्थ्यांशी त्यांची झटापट झाली. त्याच वर्षी क्नूट रॉक्नी यांच्या हाताखालचा नोत्र दामचा संघ अजिंक्य ठरला. पुढे १९२५ ते १९४६ या काळात न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये लष्करी अकादमीविरुद्ध नोत्र दामचे सामने रंगत, तेव्हा शहरातील कॅथलिक श्रमिक भुयारी रेल्वेने मैदानावर लोटत. त्यांतील बहुतेकांनी ते विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. लोक त्यांना कौतुकाने विद्यापीठाचे ‘भुयारी रेल्वेचे माजी विद्यार्थी’ म्हणत. आठवडाभर खाली मान घालून काम करणाऱ्या माणसाला एक दिवस मान वर करून चालण्याची जागा त्या संघाने दिली. त्यांच्या नातवंडांच्या मनात त्या मानहानीची आठवण उरली नसेल. निष्ठा मात्र वारशाने आली.

तिसरी ठेव सोबतीची. टेक्सास ए अँड एम या विद्यापीठाच्या सामन्यात विद्यार्थी अखेरपर्यंत उभे असतात. त्यामागे २ जानेवारी १९२२ ची गोष्ट आहे. त्या दिवशी डॅलसच्या सामन्यात संघाचे इतके खेळाडू जायबंदी झाले की, प्रशिक्षकाने प्रेक्षकांत बसलेल्या किंग गिल या विद्यार्थ्यास बोलावले. त्याने जखमी खेळाडूचा गणवेश चढविला आणि सामना संपेपर्यंत तो कडेला सज्ज उभा राहिला. खेळण्याची वेळ आलीच नाही. लोकांनी लक्षात ठेवले ते हेच, की हाक येताच तो उठला. आज शंभर वर्षांनंतर हजारो मुले उभी राहतात ती ‘गरज पडल्यास आम्हीही आहोत’ हे सांगण्यासाठी. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, घर प्रथमच सुटलेले असताना, अनोळखी मुलांच्या खांद्याला खांदा लावून तीन-साडेतीन तास उभे राहिलेला विद्यार्थी ती सोबत जन्मभर विसरत नाही. पुढे तो जेव्हा संघाचे नाव घेतो तेव्हा त्या नावात ते मित्रही आलेले असतात.

मानसशास्त्रज्ञांनी या भावनेची कसोटी घेतली आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला. संघ जिंकला की पुढच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून वर्गात येणारे विद्यार्थी वाढतात, असे त्यांना सात विद्यापीठांत आढळले. शिवाय विद्यार्थ्यांशी दूरध्वनीवर बोलताना त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. जिंकलेल्या सामन्याविषयी मुले ‘आपण जिंकलो’ अशा धर्तीवर बोलत. हरलेल्या सामन्याविषयी बोलताना ‘ते हरले’ म्हणण्याकडे कल असे. परक्याच्या दिव्याचा उजेड स्वतःच्या अंगावर घेण्याची ही मनुष्याची जुनी खोड. परंतु १९९० साली डॅनियल वॅन आणि नायला ब्रॅन्सकोम या संशोधकांनी दाखविले की, सर्व चाहते सारखे नसतात. ज्यांची ओळखच संघाशी घट्ट बांधली गेली आहे, ते पराभवानंतर अंतर राखण्यास फारसे तयार नसतात. सोमवारचा सदरा बदलणारा तो प्रेक्षक; हरल्यावरही ‘आपण हरलो’ म्हणणारा तो घरचा मनुष्य. भागीदाराची पारखही नफ्याच्या वर्षात होत नाही, तोट्याच्या वर्षात होते.

येथवर ही निष्ठा मोठी लोभस दिसते. परंतु जी ओळख एवढी घट्ट असते ती विषारीही होऊ शकते. अलाबामा राज्यात अलाबामा आणि ऑबर्न या दोन विद्यापीठांचे वैर पिढ्यान्पिढ्यांचे आहे. ऑबर्न गावात टूमर्स कॉर्नर या चौकातील जुन्या ओक वृक्षांवर विजयानंतर कागदाच्या गुंडाळ्या फेकून आनंद साजरा करण्याची रीत होती. नोव्हेंबर २०१० मध्ये अलाबामा २४-० असा पुढे असताना ऑबर्नने सामना २८-२७ असा खेचून आणला. त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने त्या वृक्षांच्या मुळाशी विष घातले आणि पुढे नभोवाणीवर दूरध्वनी करून स्वतःच त्याची वाच्यता केली. झाडे वाचविण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. २०१३ साली ती तोडावी लागली आणि त्या इसमास तुरुंगवास घडला. विशेष म्हणजे तो अलाबामाचा विद्यार्थीही नव्हता. आपल्या संघावरील प्रेम आणि दुसऱ्याच्या संघावरील द्वेष या एकाच नाण्याच्या बाजू आहेत असे मानणाऱ्याचा शेवट हा असा होतो. त्या मुक्या वृक्षांनी कोणाचा सामना हरविला होता? मात्र याच प्रसंगी अलाबामाच्याच अनेक चाहत्यांनी त्या झाडांसाठी निधी गोळा केला, हेही नमूद केले पाहिजे. प्रतिस्पर्ध्याचे दुःख ओळखणारी निष्ठा हीच खरी निष्ठा, हे त्यांनी कृतीने दाखविले. २०१५ साली तेथे नवी झाडे लावण्यात आली.

याहून सुंदर उदाहरण आयोवा विद्यापीठाचे. त्यांच्या मैदानालगत मुलांचे रुग्णालय आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावरून मैदान दिसते. २०१७ पासून सामन्याचा पहिला चतुर्थांश संपला की सुमारे सत्तर हजार प्रेक्षक रुग्णालयाकडे वळतात आणि खिडक्यांशी उभ्या असलेल्या आजारी मुलांना हात हलवून अभिवादन करतात. पाहुण्या संघाचे खेळाडू आणि पाठीराखेही त्यात सामील होतात. त्या एक-दोन मिनिटांत धावफलकाकडे कोणी पाहत नाही.

अलीकडे या निष्ठेची परीक्षा घेण्याचे काम बाजाराने हाती घेतले आहे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट मोबदला देऊ लागली. ज्यांच्या घामावर इतकी वर्षे इतरांनी कमाई केली त्यांना वाटा मिळणे न्याय्यच आहे. परंतु त्याचबरोबर एका संघातून दुसऱ्या संघात जाणेही सोपे झाले. दूरचित्रवाणीच्या पैशासाठी विद्यापीठांनी शंभर वर्षांचे शेजार मोडले. २०२४ साली पॅसिफिक किनाऱ्यावरील जुन्या गटातील बारांपैकी दहा विद्यापीठे बाहेर पडली. त्यांतील स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया ही चक्क अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेली! टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांच्यातील १८९४ साली सुरू झालेली लढत अशाच गटबदलामुळे २०११ नंतर बंद पडली आणि तेरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात टेक्सासमधील एक पिढी ती लढत न पाहताच मोठी झाली.

येथे व्यापाऱ्याने थांबून विचार करावा असे काही आहे. जे गिऱ्हाईक सात वर्षे हलका माल घेऊनही जात नाही, त्याला गृहीत धरण्याचा मोह मालकास होतोच. भाव वाढवा, शेजार मोडा, ओळखीचे चेहरे हलवा, ते येणारच. पण ते येते ते मालकासाठी नव्हे. ते येते आपल्या बापासाठी, ज्याने त्याला प्रथम त्या बाकावर बसविले. आपल्या मित्रांसाठी, आपल्या गावासाठी. त्या पाटीत त्याने स्वतःचे आयुष्य ठेव म्हणून ठेवलेले असते. पाटी ज्याच्या ताब्यात आहे तो त्या ठेवीचा विश्वस्त असतो, धनी नव्हे. ठेव मोडून खाता येते आणि काही वर्षे कोणास कळतही नाही. पुढे एका शनिवारी बाप नेहमीप्रमाणे निघतो आणि मुलगा म्हणतो, ‘तुम्ही जा, मला काम आहे.’ त्या दिवशी एकच बाक रिकामा राहतो. पण तो पुन्हा भरून घेण्यास एक पिढी लागते.