पोराच्या डोक्यावर हात

काही वर्षांपूर्वी भंडारदऱ्याला, शेंडी गावात, आमचं दोन दिवसांचं शिबिर होतं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर जवळच्या वाडीतली एक मावशी बोलायला उठली. रोजगार हमीच्या कामावर ती बारा दिवस गेली होती, हजेरीपत्रकात मात्र नऊच दिवस. गावच्या बैठकीत मुकादम म्हणाला, "देवाशपथ, नऊच." ते सगळ्यांना पटलं. मावशीला मात्र सांगण्यात आलं, खरं बोलत असशील तर पोराच्या डोक्यावर हात ठेव. तिनं ठेवला नाही. झालं, बाई खोटी ठरली. तीन दिवसांची मजुरी बुडाली.

"पोरगं काय कामावर आलं व्हतं? म्या आले व्हते. मला इचारा की," मावशी सांगत होती.

तेव्हापासून मी बायांच्या शपथा ऐकत आले आहे. कुंकवाची शपथ, लेकराची शपथ, भावाच्या गळ्याची आण. स्वतःचं म्हणून पणाला लावण्यासारखं काही बाईकडे असतं, असं कुणी धरतच नाही. पेशवाईतल्या कागदांत बेलभंडार देऊन शपथक्रिया केल्याचे उल्लेख येतात. तिथे मध्ये देव असतो, बायको नसते. पुरुष आईची शपथ खातो हे खरं, पण शिवीही आईवरूनच देतो! आणि बाईवर रागावलं की भवानी, सटवी. देवींची नावं ही.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' नाटकात हॉटस्पर बायकोची थट्टा करतो: हलवायाच्या बायकोसारख्या गुळमुळीत शपथा काय घेतेस, तोंडभर शपथ घे की! वर्गात मुली हसायच्या. मला आमचं 'इश्श' आणि 'अगं बाई' आठवायचं. बाईनं उद्गारही जपूनच काढायचा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. इंग्रजांच्या १८७३ च्या शपथ कायद्यात ज्याच्या त्याच्या रिवाजाप्रमाणे वेगळी शपथ घ्यायला मुभा होती. पण त्या शपथेची झळ तिसऱ्या माणसाला लागता कामा नये, अशी अट होती. १९६९ च्या कायद्यानंही ती अट कायम ठेवली. देवाचं नाव घ्यायचं नसेल तर नुसती प्रतिज्ञा करूनही साक्ष देता येते. म्हणजे पोराच्या डोक्यावरचा हात कोर्टात चालत नाही. गावच्या बैठकीत तो बाईकडूनच मागतात.

आणि आपल्या बैठकांत? नवरा-बायकोच्या तक्रारीत, "खरं सांग, तुझ्या लेकराची शपथ," असं आपल्यातल्याच कार्यकर्त्या म्हणताना मी ऐकलं आहे. मीही एकदा म्हटलं आहे. हे थांबवायला हवं. बाईला तारीख विचारा, कामाची जागा विचारा, शेजारी कोण होतं ते विचारा.

त्या शिबिरात मावशीनंच कळसूबाईची गोष्ट सांगितली. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली, भांडी घासणार नाही, झाडलोट करणार नाही, या अटीवर. एक दिवस भांडी घासायला लावली. तिनं ती घासली आणि डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर आज तिच्या नावानं ओळखलं जातं. "तिला कुनी शपथ घातली न्हवती," मावशी म्हणाली.

मैत्रिणींनो, तुमच्या भागात बायांना कुणाकुणाची शपथ घ्यायला लावतात, ते आम्हाला लिहून कळवा.