लेकरू वाचताना अडखळतंय? आधी कारण शोधा

आईबाबांनो, तिसरी-चौथीतलं लेकरू ‘घर’ला ‘धर’ वाचत असेल, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळत असेल, जोडाक्षर आलं की थांबत असेल, तर रागावू नका. आधी कुठं अडलंय ते बघा. जसं कारण, तसा उपाय.

पहिलं, शाळा किती बुडली? परभणी जिल्ह्यात गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातली कितीतरी लेकरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात. त्यांना बुडालेलंच पुन्हा शिकवावं लागतं. हंगामी वसतिगृहाची सोय असेल किंवा आजी सांभाळत असेल, तर लेकराला गावातच ठेवा. घरची भाषाही बघा. बंजारा तांड्यावर घरी गोरमाटी बोलतात. तिथल्या लेकरांशी मराठीत भरपूर बोला, मग वाचन सोपं जातं.

दुसरं, डोळे आणि कान तपासून घ्या. आरोग्य पथक शाळेत येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. फळा पुसट दिसतो हे लहान मूल सहसा स्वतःहून सांगत नाही.

हजेरी चांगली, नजर चांगली, बाजाराचा हिशेब तोंडपाठ, तरी वाचन पुढं सरकत नाही? मग अध्ययन अक्षमतेची शंका घ्या. तिचा आळसाशी किंवा बुद्धीशी संबंध नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आहे. मूल आठ वर्षांचं झालं की मुख्याध्यापकांमार्फत गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना दाखवा आणि पुढच्या तपासणीसाठी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. प्रमाणपत्र मिळालं तर दहावी-बारावीला जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

घरी रोज दहा मिनिटं द्या. तुम्हाला वाचता येत नसेल तर थोरल्या भावंडाला मोठ्यानं वाचायला सांगा आणि धाकट्याचं बोट ओळीखाली फिरू द्या. मोठा शब्द तोडून वाचू द्या. चुकला शब्द शंभरदा लिहायला लावू नका, पाहुण्यांसमोर वाचायला उभं करू नका.

पुढच्या पालकसभेत गुरुजींना मार्क विचारण्याआधी एवढंच विचारा : माझं लेकरू अक्षरावर अडलंय, शब्दावर की वाक्यावर? अभ्यास तिथूनच सुरू करायचा.