शपथ झाली; पुढे काय?

पावसाळा सुरू होऊन शाळांची घडी बसली की गोमंतकातील अनेक हायस्कुलांतून शालेय मंत्रिमंडळांचे शपथविधी होऊ लागतात. अशाच एका समारंभास उपस्थित राहण्याचा योग आम्हांस आला. निवडणूक रीतसर झाली होती. उमेदवारी अर्ज, प्रचार, मतपत्रिका यांपैकी काहीही वगळलेले नव्हते. बोटाला शाई लावण्याची हौसदेखील मुलांनी भागवून घेतली होती. निवडून आलेल्यांच्या छातीवर बिल्ले लागले, खांद्यांवरून पट्टे आले, मुख्याध्यापकांनी शपथ दिली आणि टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी आम्ही नूतन 'आरोग्यमंत्र्यां'ना, म्हणजे नववीतील एका मुलीला, तिच्या खात्याचे काम विचारले. सकाळच्या रांगेत मुलांची नखे तपासायची, असे ती म्हणाली. आणखी काय? ती घुटमळली. मग आवाज खाली आणून तिने सांगितले की, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या चार दारांपैकी तीन दारांच्या कड्या गेल्या वर्षापासून मोडलेल्या आहेत. हे तू सभेत का मांडत नाहीस, असे विचारताच ती हसली. "ते आमच्या खात्यात येत नाही," असे तिचे उत्तर होते.

त्या शाळेस आम्ही दोष देऊ इच्छीत नाही. तेथे निदान मतदान तरी झाले. कित्येक ठिकाणी गुणपत्रिका पाहून शिक्षकच मंत्री नेमतात आणि त्यालाही निवडणूकच म्हणतात. परंतु निवडून आलेला काय अथवा नेमलेला काय, त्याच्या हाती येते ते रांगा सरळ करण्याचे आणि गोंगाट करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचे काम. याला मंत्रिमंडळ म्हणणे म्हणजे शब्दाची विटंबना होय. ही शिक्षकांच्या हाताखालची बिनपगारी देखरेख आहे.

सकाळच्या प्रार्थनासभेचीही तीच कथा. प्रार्थना होते, प्रतिज्ञा होते, सुविचार वाचला जातो, वृत्तपत्रातील चार मथळे सांगितले जातात आणि मग गणवेश व फी यांविषयीच्या सूचना येतात. शेकडो मुले उभी असतात आणि बोलतो एकच जण. सभा या शब्दाला गोमंतकात एक इतिहास आहे, त्याचे विस्मरण आम्हांस होत नाही म्हणून हे लिहावे लागते. 18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया उभे राहिले ते परवानगीवाचून सभा घेण्याचा आणि बोलण्याचा हक्क बजावण्यासाठी. तो दिवस आपण क्रांतिदिन म्हणून पाळतो. शाळांतूनही तो पाळला जातो आणि त्या दिवशी एखादा चुणचुणीत विद्यार्थी भाषणस्वातंत्र्यावर भाषण करतो. ते भाषण आधी शिक्षकांनी तपासून, बहुधा लिहूनही, दिलेले असते!

मुलांना तोंड दिले तर शिस्त जाईल आणि शाळेत राजकारण शिरेल, अशी भीती व्यक्त केली जाते. ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. ए. एस. नील यांनी 1921 साली स्थापिलेल्या, आज इंग्लंडात असलेल्या समरहिल शाळेच्या सभेत लहान मुलाचे आणि शिक्षकाचे मत सारख्याच किमतीचे असते. तेवढी झेप आमच्या शाळांनी घ्यावी, असा आमचा आग्रह नाही. आपल्याकडे 1966-67 साली दिल्लीतील शाळांपासून युवा संसद स्पर्धा सुरू झाल्या. त्यांतून मुलांना सभागृहाची रीत कळते, हा लाभ खराच. परंतु नाटकात प्रश्नही पाठ आणि उत्तरही पाठ. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न विचारण्यास धैर्य लागत नाही.

राहता राहिली राजकारणाची भीती. राजकारण मोठ्यांनी किती शुद्ध ठेवले आहे? गोवा विधानसभेतील काँग्रेसच्या 15 आमदारांपैकी 10 जण जुलै 2019 मध्ये भाजपात गेले. 2022 च्या निवडणुकीपूर्वी त्याच पक्षाच्या उमेदवारांना देऊळ, क्रूस व दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्षांतर न करण्याची शपथ देण्यात आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निवडून आलेल्या 11 जणांपैकी 8 जण निघून गेले. देवासमोर घेतलेली शपथ जेथे वर्षभर टिकत नाही, तेथे मुलांना केवळ शपथ घ्यावयास शिकवून आपण काय साधतो? शिकवावयाचे आहे ते निवडून दिलेल्यास जाब विचारणे, आणि निवडून आल्यावर जाब देणे. ते नखे तपासून येत नाही.

यासाठी खर्च नाही, परिपत्रकाचीही वाट पाहावयास नको. महिन्यातून एक सभा अशी घ्यावी की, जिच्यात मुले बसलेली असतील. प्रत्येक वर्गाने चर्चा करून एक प्रश्न पाठवावा आणि पुढच्या सभेत मुख्याध्यापकांनी त्याचे उत्तर द्यावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल, परंतु नकाराचे कारण सांगितले पाहिजे. आमच्या मते यातच अर्धे नागरिकशास्त्र आहे. स्नेहसंमेलनाच्या निधीतील लहानशी रक्कम मंत्रिमंडळाच्या हाती द्यावी आणि हिशेब त्यांनीच सर्वांसमक्ष वाचावा. त्यात चूक झाली तर होऊ द्यावी. पंचवीस रुपयांची चूक पंधराव्या वर्षी झालेली बरी. अट एकच: प्रश्न विचारला म्हणून कोणा मुलास वर्गाबाहेर उभे केले जाऊ नये.

2025 साली सहावी ते दहावीचे वर्ग जूनऐवजी 7 एप्रिलला सुरू झाले. पालक बोलले, शिक्षक बोलले, वृत्तपत्रांचे रकाने भरले. उन्हातून दप्तर घेऊन ज्यांना जावयाचे होते, त्यांचे म्हणणे मात्र आमच्या कानांवर क्वचितच आले. हीच मुले अठरा वर्षे पूर्ण करून मतदारयादीत आली की ग्रामसभेची सभासद होणार. आमच्या ग्रामसभांतून डोंगर कापण्याचे, शेते बुजवण्याचे प्रश्न येतात, आवाज चढतात. तेथे तरुण चेहरे तुरळक का दिसतात, याचे आश्चर्य करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आधी आपल्या गावच्या शाळेची सकाळची रांग पाहून यावे.

तीन कड्यांची किंमत शाळेला जड जाण्यासारखी नाही, आणि आम्ही हे लिहिल्यानंतर कदाचित त्या गुपचूप बसवल्याही जातील. तसे होऊ नये. त्या मुलीने तो प्रश्न भर सभेत विचारावा, मुख्याध्यापकांनी उभे राहून उत्तर द्यावे, आणि मगच सुताराला बोलवावे.