राजीनामा म्हणजे उत्तर नव्हे

जुलै 2025 मध्ये लोकसभेत पहलगामवर चर्चा झाली. बैसरनमध्ये पर्यटकांची गर्दी असताना तिथे सुरक्षा का नव्हती, असा सवाल प्रियंका गांधींनी केला आणि 26/11 नंतर काँग्रेसच्या नेत्यांनी राजीनामे दिल्याची आठवण करून दिली. अमित शाहांनी हल्लेखोर ठार झाल्याचे सांगितले, शिवाय काँग्रेसच्या जुन्या चुकांचा पाढा वाचला. हल्लेखोर संपले, चांगलेच झाले. पण विचारलेला प्रश्न तो नव्हता! 26 माणसे गेली. त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातली, आणि एक तिथलाच घोडेवाला, आदिल हुसेन शाह.

आता 26/11 नंतरच्या त्या राजीनाम्यांचेही पाहू. विलासराव देशमुख मे 2009 मध्ये केंद्रात मंत्री झाले. आर. आर. आबा नोव्हेंबर 2009 मध्ये पुन्हा राज्याचे गृहमंत्री. शिवराज पाटील जानेवारी 2010 मध्ये पंजाबचे राज्यपाल. खुर्ची बदलली, इतकेच. राम प्रधान समितीला मुंबई पोलिसांचे काम तपासायला सांगितले. केंद्राच्या गुप्तचर संस्था कक्षेबाहेर राहिल्या. तिचा अहवालही आधी गोपनीय म्हणून दडवला गेला. याला जबाबदारी घेणे म्हणायचे का?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर बंद पडला की मॅनेजर बदलून भागत नाही. किती वाजता कोणता इशारा आला, तो कोणी पाहिला, पुढे का गेला नाही, हे सगळे लिहून काढावे लागते. देशाच्या बाबतीतही हे जमते. कारगिलनंतर वाजपेयी सरकारने के. सुब्रह्मण्यम समिती नेमली, आणि फेब्रुवारी 2000 मध्ये तिचा अहवाल, संवेदनशील भाग वगळून का होईना, संसदेत ठेवला. त्यातून गुप्तचर यंत्रणेत बदलही झाले. तेव्हा कोणी सुब्रह्मण्यमांना देशद्रोही म्हटले नाही.

जम्मू-काश्मीरचे नायब राज्यपाल मनोज सिन्हांनी पहलगाम ही सुरक्षेतली चूक होती आणि जबाबदारी आपली आहे, असे मान्य केले. ठीक. मग पुढची माहितीही द्या: बैसरनवर जवान न ठेवण्याचा निर्णय कोणत्या पातळीवर झाला, तो कागदावर आहे का? हाच प्रश्न माझ्यासारख्या नावाच्या माणसाने विचारला की आधी त्याची निष्ठा तपासली जाते. तपासा. पण डोंबिवली, पुणे आणि पनवेलच्या घरांतले लोकही हेच विचारत असतील, त्यांना काय सांगणार?