मिनेस्त्रोनेची यादी नको, क्रम पाळा

घरी इटालियन सूप करायचं ठरलं की आधी सामानाची यादी निघते: झुकिनी, परदेशी ऑलिव्ह तेल, पार्मेजान चीज. खर्च पाहून बेत बारगळतो, नाहीतर कॉर्नफ्लॉवर आणि केचप घालून दाट केलेलं लाल पाणी वाडग्यात येतं. मिनेस्त्रोनेला ही यादी मुळातच लागू नाही. जिनोव्हात त्यात शेवटी पेस्तो ढवळतात, मिलानला तांदूळ घालतात, तस्कनीत काळपट पानांचा कोबी आणि शिळा पाव. इटालियन घरांत आजही प्रमाण मानल्या जाणाऱ्या पाकपुस्तकात (पहिली आवृत्ती १८९१) पेल्लेग्रीनो आर्तुझी यांनी मिनेस्त्रोनेची कृती दिली आणि आपापल्या गावची चव नि तिथे मिळणाऱ्या भाज्या पाहून ती खुशाल बदला, असंही सांगून ठेवलं. त्यात पडणारा राजमा आणि टोमॅटो तरी इटलीचे कुठे? दोन्ही अमेरिका खंडातून आले. त्याआधी तिथे शिजायची ती आपल्या चवळीची जात. तेव्हा चवळी आणि दुधीचं मिनेस्त्रोने केलं म्हणून कुणी नाक मुरडायचं कारण नाही.

मग त्यात इटालियन ते काय उरलं, ही तर आमटीच झाली, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. उरतो तो क्रम, आणि त्यात मात्र सूट नाही. आपली फोडणी कडकडीत तेलात क्षणात होते, इथे उलट. बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरी (नसेल तर नसू द्या) मंद आचेवर, रंग चढू न देता पंधरा-वीस मिनिटं तेलात मऊ करायची. सुपाचा गोडवा तिथेच तयार होतो. राजमा किंवा चवळी वेगळी शिजवायची, तिचं पाणी सुपातच घ्यायचं आणि थोडे दाणे ठेचून घालायचे, म्हणजे कॉर्नफ्लॉवरची गरजच पडत नाही. टोमॅटो दाणे शिजल्यावर. आंबटपणात दाणे लवकर मऊ पडत नाहीत. पालेभाजी शेवटी, आणि वाढताना वरून कच्चं तेल.

एवढा वेळ कुणाला आहे, हा दुसरा आक्षेप. पण रात्री भिजवलेला राजमा आपल्याकडे कुकरमध्ये झटपट होतो. शिवाय अर्धकच्च्या राजम्यातलं पोट बिघडवणारं द्रव्य जायला खळखळून उकळी लागते, तेही काम कुकरच करतो. उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी पाव घालून पुन्हा उकळायचं, ही तर तस्कनीची रीतच. हा एक जिन्नस मात्र पारखून घ्यावा. तिथला पाव बिनमिठाचा आणि घट्ट असतो. आपल्या गोडसर सँडविच ब्रेडचा लगदा होतो. गोव्यातला कडक कवचाचा उंडो शिळा करून घेतला तर चांगला टिकाव धरतो. चीज किसून संपल्यावर उरलेली कडक साल इटालियन बायका सुपात टाकतात, आणि चव खरोखर वाढते. घरात असेल तर जरूर टाका. त्या सालीसाठी अख्खं पार्मेजान आणावं लागणार असेल, तर राहू द्या.